'मॉस्कविच'ला नक्कल म्हणणाऱ्यांना

सोव्हिएत 'मॉस्कविच ४००' ही जर्मन ओपेल कॅडेटची नक्कल, असे हिणवण्याची काही मंडळींना फार हौस. नक्कल होतीच. पण १९४५ साली त्या देशाची २ कोटींहून अधिक माणसे युद्धात गेली होती, शहरे उद्ध्वस्त होती. स्टॅलिनने कॅडेट पसंत केली, पण तयार आराखडे नव्हते. जर्मन तंत्रज्ञांना घेऊन ते पुन्हा काढावे लागले. तरी डिसेंबर १९४६ मध्ये मॉस्कोच्या कारखान्यातून पहिली गाडी निघाली. १०७४ सीसी, २३ अश्वशक्ती, ताशी ९० किलोमीटर. पत्र्याची इतकी टंचाई, की मालाच्या गाडीचा सांगाडा लाकडी केला. कापडी टपाची गाडी तर बंद गाडीपेक्षा स्वस्त! इतरत्र उलटे असते.

हिटलरने कामगारांकडून आठवड्याला ५ मार्क घेतले, गाडी एकालाही दिली नाही. ते हिणवणाऱ्यांना आठवत नाही.

माझा आक्षेप किमतीला आहे. गाडी ९००० रुबलची, सरासरी पगार महिना सहाशे-साडेसहाशे. म्हणजे पोटाला चिमटा घेऊनही वर्षाहून जास्त कमाई. ज्याने ती जोडली त्या फिटरला ती सहज परवडत नव्हती, हे आपण डाव्यांनीच बोलावे, मालकांच्या वर्तमानपत्रांवर सोडू नये. १९५६ पर्यंत सुधारित '४०१' धरून सुमारे २ लाख ४७ हजार गाड्या निघाल्या. एवढ्या मोठ्या देशात त्या कितीशा पुरणार? पाळीवर जाणारा कामगार मेट्रो, ट्राम आणि आगगाडीनेच जात राहिला, आणि रेल्वेवाला म्हणून मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.