रिकाम्या खोलीचे अर्थशास्त्र

पंचतारांकित हॉटेलच्या दारापाशी पगारदार माणसाची पावले अडखळतात, ती केवळ खिशाच्या विचाराने नव्हे. ही जागा आपल्यासाठी नाही, अशी त्याने मनाची समजूत घालून घेतलेली असते. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. तरी अपोलो बंदरावर फिरायला येणारी असंख्य कुटुंबे आजही ती वास्तू बाहेरूनच न्याहाळून परततात. वस्तुतः मोठ्या शहरांतील आलिशान हॉटेलांचे भाव कसे ठरतात, हे नीट समजून घेतले तर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी अशा एखाद्या हॉटेलात एक रात्र राहणे शिक्षकाला वा कारकुनालाही अगदीच अशक्य नाही.

मंडईतील भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी निम्म्या दराने देतो, कारण उद्या तिला गिऱ्हाईक नसते. हॉटेलच्या खोलीची गत याहून बिकट. आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही. इमारत, वीज, नोकरवर्ग यांवरील खर्चाचा मोठा भाग मात्र खोली रिकामी राहिली तरी चुकत नाही. त्यामुळे एका जादा पाहुण्यावर होणाऱ्या किरकोळ खर्चाहून अधिक जे मिळेल, ते हॉटेलच्या पदरात पडलेलेच असते. अमेरिकेतील विमान कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास मागणीनुसार भाव बदलण्याचे तंत्र रूढ केले आणि हॉटेलांनी ते उचलले. म्हणूनच एकाच मजल्यावरील शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील पाहुण्यांनी निरनिराळे भाव मोजलेले असतात.

या व्यवहारात घासाघीस करण्यापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरातील हॉटेले मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात. सोमवार ते गुरुवार तेथे वर्दळ, तर शनिवार-रविवारी मागणी ओसरते. लोणावळा-महाबळेश्वरला नेमके याच्या उलट घडते. मुंबईचा पावसाळाही असाच मंदीचा काळ. सारे घाटाकडे निघतात तेव्हा शहरात मुक्काम करणारा माणूस बाजाराच्या प्रवाहाविरुद्ध जातो, आणि त्याचा लाभ त्याला मिळतो.

दुसरा मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्यावरील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. हा कर छापील दरावर नव्हे, प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो. साहजिकच ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. भाड्यातील शंभर रुपयांचा फरक बिलात १,०९३ रुपयांचा होतो. एवढा हिशेब मांडून मगच खोली राखून ठेवावी.

खोलीत वाचवलेले पैसे उपाहारगृहात गमावण्याचा धोकाही आहेच. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून अधिक दर आकारण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना मुभा दिली. सेवाशुल्काची गोष्ट मात्र वेगळी. ते बिलात आपोआप लावू नये, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. तरीही ‘हे शुल्क काढा’ असे म्हणण्यास सुशिक्षित माणूस लाजतो. ही लाज त्याला महागात पडते.

ऋण काढून सण साजरा करावा, असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न ज्ञानाच्या विषमतेचा आहे. बाजारात जास्त किंमत नेहमी श्रीमंतच मोजतो असे नाही. कंपनीच्या खर्चाने आलेल्या पाहुण्याला करारातील सवलत असते आणि आयुष्यात एकदाच, तेही ऐन हंगामात येणारा मास्तर पूर्ण भाव देतो. सर्व करांसह एकूण रक्कम पहिल्याच जाहिरातीत ठळकपणे छापण्याचे बंधन हॉटेलांवर काटेकोरपणे असावे, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते. तोवर ग्राहकाने संकोच सोडून दोनच प्रश्न विचारावेत: सर्व धरून किती, आणि कोणत्या दिवशी याहून कमी? रिकाम्या खोलीची चिंता हॉटेलमालकाला असते. पाहुण्याने ओशाळण्याचे कारण नाही.