जपानांत जात नाहीं म्हणे!

गेल्या पावसाळ्यांत आमच्या तालुक्याच्या गांवीं, जपान पाहून आलेल्या एका विद्वान गृहस्थांचें व्याख्यान झालें. तेथील गाड्या सेकंदाच्या हिशोबानें धांवतात, शाळेंतील वर्ग मुलें स्वतः झाडतात, हरवलेलें पाकीट पैशांसकट चौकींत परत मिळतें, असें बरेंच त्यांनीं सांगितलें, व तें खोटें नाहीं. पण शेवटीं टाळ्या घेण्याच्या भरांत ते म्हणाले कीं, या सर्व प्रगतीचें मूळ एकच, जपानांत जात नाहीं! टाळ्या पडल्या. तेव्हां मागें दाराशीं बसलेल्या, जोडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनीं उभें राहून विचारलें, "पाव्हणं, मंग तिथं मेलेलं जनावर वढतं कोन?" सभा हंसली, पाहुणेही हंसले, आणि आभारप्रदर्शन सुरू झालें.

आम्हांस हंसूं आलें नाहीं. साऱ्या सभेंत तेवढाच एक प्रश्न शहाणपणाचा होता. त्याचें उत्तर जपानच्याच इतिहासांत लिहिलेलें आहे. तें पाहुण्यांनीं दिलें नाहीं म्हणून आम्ही देतों.

जपानांत तोकुगावा घराण्याचा अंमल १६०३ पासून १८६८ पर्यंत चालला. त्या राज्यांत वर शस्त्रधारी सामुराई, त्याखालीं शेतकरी, मग कारागीर, मग व्यापारी अशी उतरंड मानीत. या उतरंडीच्याही बाहेर, गांवाच्या कडेला किंवा नदीच्या पुराच्या जागेंत, आणखी एक वस्ती असे. मेलेलीं गुरें ओढणें, कातडें कमावणें, गुन्हेगारांस फांशी देणें हीं कामें त्या वस्तीकडे. त्यांस 'एता' म्हणत. हा शब्द ज्या चिन्हांनीं लिहीत त्यांचा अर्थ 'घाणीनें भरलेला' असा होतो. दुसरे 'हिनिन', म्हणजे सरळ 'माणूस नव्हे तो'. आपण ज्यास विटाळ म्हणतों त्यास तिकडे 'केगारे' म्हणतात. मौज अशी कीं, सामुराईच्या चिलखतास कातडें लागे तें यांच्याच हातचें, आणि देवळांतल्या नगाऱ्यावर मढविलेलें चामडेंही यांनींच कमावलेलें. चामडें देवळांत गेलें, चामडें कमावणारा बाहेर राहिला. वाचकहो, ही गोष्ट कोठें ऐकल्यासारखी वाटते काय?

१८७१ सालीं नव्या मेजी सरकारनें हुकूम काढला कीं, एता व हिनिन हीं नांवें रद्द, यापुढें हे लोक इतर सामान्य प्रजेप्रमाणेंच समजावे. हुकूम चांगला होता यांत शंका नाहीं. परंतु त्यासरशीं त्यांचा मेल्या जनावरावरील वंशपरंपरेचा हक्क गेला, कित्येक ठिकाणीं जमिनीस असलेली कराची माफी गेली, आणि बदल्यांत हातावर कांहींच पडलें नाहीं. चामड्यास भाव आला तो फौजेच्या बुटांमुळें. तो धंदा भांडवलवाल्यांच्या घशांत गेला. एदो शहरांतील त्यांचा पिढीजात मुख्य दान्झाएमोन यानें बुटांचा कारखाना घातला, पण तोही त्याच्या हातीं राहिला नाहीं. बलुतें बुडालें कीं गांवच्या कारागिराचें काय होतें, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

लागलीच १८७२ सालीं घराण्यांच्या सरकारी नोंदवह्या तयार झाल्या. जें नांव हुकमानें पुसलें, तें अनेक ठिकाणीं कारकुनांनीं या वह्यांत दुसऱ्या रूपानें परत लिहिलें. या लोकांपुढें 'नवे सामान्यजन' अशी खूण केली. नवे म्हणजे कोण, हें सर्वांस कळत होतें. या वह्या १९६८ पर्यंत कोणालाही पाहतां येत. शंभर वर्षें!

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या शेतकरी बांधवांनीं जरा धीरानें ऐकावी. १८७३ सालीं मिमासाका प्रांतांत शेतकऱ्यांचें मोठें बंड झालें. सक्तीच्या लष्करभरतीला सरकारी भाषेंत 'रक्ताचा कर' म्हटलें होतें, व खरोखरीच आपलें रक्त काढून नेणार अशी आवई उठली होती. शेतकऱ्यांचीं गाऱ्हाणीं पुष्कळ होतीं व त्यांतलीं बरींच रास्त होतीं. पण त्यांत एक मागणी अशीही होती कीं, १८७१ चा हुकूम मागें घ्या. बंडवाले त्या वस्त्यांवर चालून गेले, "पूर्वीं वागत होतों तसेंच खालीं मान घालून वागूं" असा माफीचा कागद लिहून मागूं लागले, घरें जाळलीं, आणि अठरा माणसें ठार मारलीं. हीं माणसें सरदारांनीं मारलीं नाहींत, सावकारांनीं मारलीं नाहींत, भिक्षूंनींही मारलीं नाहींत. तीं शेतकऱ्यांनीं मारलीं. आपल्यावर बसलेल्याशीं भांडतांना आपल्या पायाखालचा माणूस उठून उभा राहिला, हें त्यांस सोसवलें नाहीं.

त्याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' छापली, ती अमेरिकेंत गुलामांस मोकळें करणाऱ्या लोकांस अर्पण केली, आणि सत्यशोधक समाज स्थापला. त्याआधीं १८६८ सालींच आपल्या घरचा हौद त्यांनीं अस्पृश्यांस खुला केला होता. आम्ही जोतीरावांचें नांव घेतों, तसबिरीस हार घालतों. मात्र आपल्या आळीच्या विहिरीशीं, आपल्या जत्रेंत, आपल्या पोरीच्या लग्नांत आम्ही जोतीरावांचे कीं मिमासाकाच्या शेतकऱ्यांचे, हें ज्याचें त्यानें पाहावें. भटशाहीवर लिहावयास आमच्या लेखणीला कधीं जड गेलें नाहीं. हें लिहितांना गेलें.

भिक्षूंचें नांव वर घेतलें, पण त्यांस मोकळें सोडावें असें नाहीं. जपानांत माणूस मेल्यावर देवळाकडून त्यास नवें धर्मनाम मिळतें व तें थडग्यावर कोरतात. या वस्तींतील मेलेल्यांस देवळांनीं जीं नांवें दिलीं, त्यांत 'पशु', 'चामडें', 'हीन', 'दास' अशा अर्थांचीं चिन्हें घातलीं. घरच्यांस लिहितां-वाचतां येत नसे. दक्षिणा देऊन, हात जोडून त्यांनीं तीं नांवें घेतलीं आणि पिढ्यान् पिढ्या त्यांपुढें उदबत्ती लावली. १९७९ सालीं अमेरिकेंत धर्म व शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली, तेथें सोतो पंथाच्या एका बड्या धर्माधिकाऱ्यानें ठणकावून सांगितलें कीं जपानांत असा भेदभाव मुळींच नाहीं. आमचे व्याख्याते त्याच्याच पाठशाळेंतले दिसतात! वस्तीच्या संघटनेनें त्यास जाब विचारला, थडगीं दाखविलीं. १९८४ सालीं त्यानें आपले शब्द जाहीरपणें मागें घेतले, आणि पंथास आपलीं देवळें व वह्या तपासून तीं नांवें बदलावीं लागलीं.

संघटना म्हटलें तिचा आरंभ जुना आहे. ३ मार्च १९२२ रोजीं क्योतो शहरांत 'सुइहेइशा' स्थापन झाली. पाणी जसें आपली पातळी एक करतें तसा समाज, असा त्या नांवाचा भाव. जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा त्याच वस्तींतल्या देवळाच्या घरांतला पोरगा. काळ्या निशाणावर तांबडा काट्यांचा मुकुट हें त्यांचें चिन्ह. होंगान्जी देवळांस, ज्यांच्या पायाशीं या गरिबांचा पैसा वर्षानुवर्षें जाई, यापुढें वर्गणी मिळणार नाहीं असें त्यांनीं कळवून टाकलें. देवळाचा कानोसा घेण्यापेक्षां देवळाची पेटी रिकामी ठेवावी, हें त्यांस लवकर उमगलें. पुढें या चळवळीचे पुढारी मात्सुमोतो जिइचिरो कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. १९४८ सालीं बादशहापुढें खेकड्यासारखें आडवें चालत जाण्याचा रिवाज पाळण्याची पाळी आली, तेव्हां त्यांनीं साफ नाकारलें. माणूस सरळ चालतो, एवढेंच.

आम्ही मास्तर लोक. म्हणून एक हकीकत जरा सविस्तर सांगतों. शिकोकु बेटावर कोची शहरांत नागाहामा म्हणून भाग आहे. तेथील या वस्तींतल्या मोलमजुरी करणाऱ्या आया व कांहीं शिक्षक एकत्र बसून राज्यघटना वाचूं लागले. सव्विसाव्या कलमापाशीं थांबले: सक्तीचें शिक्षण मोफत राहील. मग पुस्तकांचे पैसे कशाचे? १९६१ सालीं त्यांनीं ठरविलें कीं पुस्तकें विकत घ्यावयाचीं नाहींत. शाळा सुरू झाली, मुलें पुस्तकांवांचून बसलीं, दडपण आलें, बाया हटल्या नाहींत. वस्तीबाहेरच्याही गरीब आया त्यांस येऊन मिळाल्या. १९६३ सालीं देशाचा कायदा झाला, आणि टप्प्याटप्प्यानें १९६९ पर्यंत प्राथमिक व माध्यमिक सर्व इयत्तांस पुस्तकें फुकट झालीं. आज तोकियोंतल्या लक्षाधीशाचा मुलगा जें फुकट पुस्तक दप्तरांत घालतो, तें कातडें कमावणाऱ्यांच्या वस्तींतल्या बायांनीं मिळवून दिलेलें आहे. मुलांनीं वर्ग झाडण्याचें कौतुक सांगणाऱ्यांनीं हेंही सांगावें. आमच्याकडे वर्ग कोणीं झाडावा हें ठरवितांना अजून कोठें कोठें डोळा आडनांवाकडे जातो, हें कबूल करतांना मास्तर म्हणून आम्हांस शरम वाटते.

सरकारही अगदीं स्वस्थ बसलें नाहीं. १९६९ पासून २००२ पर्यंत खास कायद्यानें सुमारें १५ लाख कोटी येन या वस्त्यांवर खर्च झाले. घरें, रस्ते, गटारें, शिष्यवृत्त्या झाल्या. वस्ती ओळखूं येणार नाहीं इतकी सुधारली. १९९३ च्या सरकारी पाहणींत अशा ४,४४२ वस्त्या व सुमारें ९ लाख लोक मोजले गेले. पण पैशानें गटार बांधतां येतें, सोयरीक बांधतां येत नाहीं. १९७५ सालीं उघडकीस आलें कीं, कोणती वस्ती कोणत्या गांवीं याची छापील यादी चोरून विकली जात होती, आणि दोनशेंहून अधिक कंपन्यांनीं ती घेतली होती. उमेदवार कोठचा तें पाहून नोकरी नाकारावयाची. मुलगी कोठची तें खाजगी हेर लावून शोधावयाचें आणि ठरलेलें लग्न मोडावयाचें. रंग एक, भाषा एक, चेहरा एक. म्हणून गांवाचा पत्ता विचारतात. 'बुराकु' हा आजचा शब्द, त्याचा अर्थ नुसता वस्ती! आमच्याकडे असली यादी चोरून घ्यावी लागत नाहीं. वधूवरांच्या जाहिरातींत ती उघड छापून येते.

२०१६ सालीं या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, पण त्यांत शिक्षा नाहीं. त्याच सालीं १९३६ ची एक जुनी पाहणी पुन्हां छापून व संगणकाच्या जाळ्यावर टाकून वस्त्यांचीं नांवें जगजाहीर करण्याचा घाट घातला गेला. लोक कोर्टांत गेले. २०२१ सालीं खालच्या कोर्टानें मनाई केली, आणि २०२३ सालीं तोकियोच्या हायकोर्टानें, भेदभाव न सोसण्याचा माणसाला हक्क आहे, असें मानून मनाईचा पल्ला वाढविला.

एक माणूस मात्र कोर्टाच्या दारांतच म्हातारा झाला. १९६३ सालीं सायामा गांवीं एका शाळकरी मुलीचा खून झाला. पोलिसांनीं वस्तीवर नजर रोखली आणि इशिकावा काझुओ या चोवीस वर्षांच्या मजुरास धरलें. कोठडींत महिनाभर ठेवल्यावर त्यानें कबुली दिली; पुढें ती नाकारली. मुख्य पुरावा खंडणीच्या चिठ्ठीचा, आणि इशिकावांचें शाळेचें शिक्षण तर इतकें तुटपुंजें कीं त्यांस धड लिहितां येत नव्हतें. १९६४ सालीं फांशी झाली, १९७४ सालीं ती जन्मठेपेवर आली. तुरुंगांतल्या एका पहारेकऱ्यानें त्यांस अक्षरें शिकविलीं, आणि त्याच अक्षरांनीं ते आपण निर्दोष असल्याचें जगाला लिहूं लागले. एकतीस वर्षांनीं, १९९४ सालीं, ते शर्तीवर सुटले. खटला पुन्हां चालवा म्हणून अर्जांमागून अर्ज करीत राहिले. मार्च २०२५ मध्यें, वयाच्या ८६ व्या वर्षीं ते वारले. खटला पुन्हां उभा राहिलेला त्यांस दिसला नाहीं. त्याच सालीं त्यांच्या पत्नीनें नवा अर्ज दाखल केला.

त्या दाराशीं बसलेल्या बाबांस वाचतां येत नाहीं. हा अंक त्यांच्या दुकानीं नेऊन वाचून दाखवावयाचें आम्हीं ठरविलें आहे. व्याख्यात्यांस टपालानें पाठविला आहे.