तरुणांच्या दांडगाईस जबाबदार कोण?

क्षुल्लक कारणावरून कॉलेजातील मुले हातघाईवर आली, असे वर्तमान अंधेरी-बोरिवलीकडून किंवा घाटकोपर-मुलुंडकडून कानी पडले की, 'हल्लीची पिढीच बिघडली' असा निकाल आमचे प्रतिष्ठित गृहस्थ पेढीवर बसल्या बसल्या देऊन टाकतात. निकाल सोपा खरा. पण तो आम्हांस मान्य नाही. ज्या शक्तीस सरळ वाट मिळत नाही ती आडवाटेने धावते, आणि ही सरळ वाट वडीलधाऱ्यांनीच बुजविली आहे.

1989 साली मुंबईत विद्यार्थी-निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थिनेत्याचा खून झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका जाऊन परीक्षेतील गुणांवरून प्रतिनिधी नेमण्याची रीत आली. बंदोबस्त व्हावयास हवा होता तो पैशाचा व दंडेलीचा. बंद झाले ते मतदान! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. 2016 च्या कायद्याने निवडणुकीस पुन्हा जागा दिली. परंतु 2019 साली ठरलेल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या. वाद घालून मते मिळवावी, हरल्यास मुकाट्याने घरी जावे, हे शिक्षण ज्यास मिळालेच नाही, त्याने मुठी वळल्या तर नवल ते काय?

कोणी म्हणेल, निवडणुका म्हणजेच मारामाऱ्या. तसे नव्हे. लिंगडोह समितीने 2006 सालीच उमेदवाराच्या खर्चास 5,000 रुपयांची मर्यादा सुचविली व राजकीय पक्षांस दूर ठेवण्यास सांगितले. उपाय ठाऊक आहे. उणीव आहे ती इच्छेची.

रॅगिंगचीही तीच कथा. 1999 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड आहे. इतकेच नव्हे, तक्रार येताच सात दिवसांत चौकशी करण्याचे कर्तव्य संस्थेच्या प्रमुखावर आहे, आणि ते टाळणे म्हणजे अपराधास साहाय्य करणे होय. जेथे संस्थेच्या अब्रूसाठी तक्रार दाबली जाते, तेथे दांडग्यास अभयपत्रच मिळते व दुबळ्यास धडा मिळतो की, न्याय मागून मिळत नाही, तो हिसकावून घ्यावा लागतो.

आता शेवटचे व कटू कारण. लोकलच्या गर्दीत चेंगरून, मैदानावाचून, नोकरीच्या चिंतेत हे तरुण वाढतात. पण हात उगारण्याचा पहिला पाठ ते पुष्कळदा घरी घेतात. बाप दुकानातील पोरावर हात टाकतो, आईचे बोलणे शिवी देऊन तोडतो, आणि मुलगा ते पाहत असतो. कॉलेजच्या फाटकापाशी तो तेच करतो, तेव्हा प्राचार्यांस दोष देण्याचा अधिकार त्या बापास उरतो काय?

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे. देणगी द्याल तेव्हा नावाच्या पाटीबरोबर तालीमखान्याची व मैदानाची मागणी करा. विश्वस्त असाल तर तक्रारींचा हिशेब आपल्या खातेवहीइतक्याच काटेकोरपणे तपासा. आणि सुधारणेचा आरंभ आपल्या दुकानापासून करा. पेरावे तसेच उगवते.