रुळांखालची खडी

महाड-पोलादपुराकडील मुलें मुंबईस जाण्यासाठीं वीर स्टेशनावर उभीं राहतात, तेव्हां त्यांची दृष्टि येणाऱ्या गाडीवर असते. रुळांखालच्या खडीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तथापि गाडीचा सारा भार शेवटीं तिच्याच माथीं येतो. सुमारें २० ते ६५ मिलिमीटरांचे कोनदार दगड एकमेकांत गुंतून बसतात, स्लीपरांस जागचे हलूं देत नाहींत, आणि मधल्या फटींतून पावसाचें पाणी निघून जातें.

कालांतरानें गाड्यांच्या धक्क्यांनीं दगडांचे कोने झिजतात व त्यांचा चुरा फटींत बसतो. वरून डोंगराची माती वाहून येते. मग पाणी तुंबतें, चिखल होतो, आणि प्रत्येक चाकाबरोबर तो वर उसळतो. रूळ खचण्यास येथूनच आरंभ होतो.

यावर शास्त्रज्ञांनीं एक नवा उपाय काढला आहे. दोन द्रव एकत्र करून पॉलियुरेथेन नांवाची राळ तयार होते. ती खडीवर ओतली किंवा नळीनें आंत सोडली म्हणजे थोड्याच वेळांत घट्ट होऊन दगडांस एकमेकांशीं बांधून टाकते. ब्रिटनमध्यें ही रीत पुलांच्या तोंडाशीं, सांध्यांच्या जागीं व बोगद्यांत वापरली गेली आहे.

तर मग १९९८ सालीं संपूर्ण खुल्या झालेल्या आपल्या सुमारें ७४० किलोमीटरांच्या कोंकण रेल्वेवर ती सर्वत्र कां ओतूं नये, असें एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु आम्ही "बेतानें" असेंच म्हणूं. राळ स्वच्छ व कोरड्या दगडास जशी धरते, तशी चिखलानें माखलेल्या ओल्या दगडास धरीत नाहीं. शिवाय एकदां बांधलेली खडी पुढें उपसून चाळणें कठीण. आणि आमच्या भागांतील खरें संकट डोंगरावरून येतें. १६ जून २००४ रोजीं करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या धोंड्यांमुळें मत्स्यगंधा गाडी घसरली व कित्येक प्रवासी प्राणांस मुकले. जुलै २०२१ मध्यें महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली, तें दुःख आपल्यापैकीं कोणीही विसरलेला नाहीं. अशा दरडीपुढें खडीस लावलेली राळ काय करणार?

म्हणून आमचें मत असें कीं, जेथें खडी वारंवार ठोकून बसवावी लागते तेथें राळेचा प्रयोग अवश्य व्हावा; मात्र त्यापूर्वीं गटारें मोकळीं, खडी चाळलेली व डोंगराचा उतार सुरक्षित असावा. भर पावसांत, रात्रीच्या काळोखांत, कंदील घेऊन रूळ तपासीत चालणाऱ्या गँगमनाचें काम तर कोणतीही राळ करूं शकणार नाहीं. त्याची संख्या किंवा सोय कमी करून हा खर्च भागविणें म्हणजे पाया काढून कळस चढविणें होय.

शेताचा बांध फुटला तर आमचा शेतकरी आधीं पाण्यास वाट करून देतो व मग बांध घालतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें इंजिनियर होतील, त्यांनीं नवें शास्त्र जरूर शिकावें; पण वडिलांच्या बांधावरचा हा धडाही विसरूं नये.