तेलाचं बोट

दुधनीच्या एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला गाणगापूर. स्वामींचा गुरुवार आहेच, दत्ताचाही तोच. त्या दिवशी घरात मासळीचं नाव काढायचं नाही. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, मधेच एखादी संकष्टी. उरलेल्या वारी बाजारात ताजा मासा आला तर आमचं नशीब. गावात शाकाहारी लिंगायत घरं पुष्कळ, त्यामुळे मासा भाजताना कुठली खिडकी उघडायची याचाही विचार करावा लागतो.

अशा घरात पुण्याच्या भाचीने एअर फ्रायर आणून ठेवला. ती आयटीतली. रात्री घरी पोचली की फ्रीजमधला नॉर्वेचा साल्मन काढते, मीठ-मिरपूड चोळते आणि 200 अंशांवर आठ-दहा मिनिटं लावते. तोवर तिचे कपडे बदलून होतात. ‘‘मामा, तेलाचा थेंब लागत नाही,’’ ती म्हणाली.

खरं आहे, पण ते साल्मनपुरतं. समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेल्या या माशाच्या 100 ग्रॅम मांसात साधारण 13 ग्रॅम चरबी असते. फिलिप्सने 2010 साली बाजारात आणलेल्या या यंत्राच्या नावात तळणं असलं, तरी काम भाजण्याचं. वर तापलेली कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. गरम वारा जोरात फिरतो आणि माशाच्या अंगावरचं पाणी उडवतो. साल्मनची चरबी तेवढ्यात आतून पाझरते, म्हणून वरून खरपूस आणि आत मऊ. (मुंबईत ‘इंडियन साल्मन’ म्हणून मिळतो तो रावस. चवीला उत्तम, पण त्याचं नॉर्वेवाल्याशी काही नातं नाही.)

आमच्याकडे येते ती उजनीची चिलापी. 100 ग्रॅमला दोन ग्रॅमसुद्धा चरबी नाही. भाचीच्या हिशोबाने लावली तर पुठ्ठा चावल्यासारखं होतं. आईने पहिल्या घासालाच निकाल दिला, ‘‘तेल न दाखवता कुठं मासा भाजतोय व्हय?’’ आणि पुढच्या खेपेला तिने सूत्रं हातात घेतली. चिलापीला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा दिल्या. हळद, मीठ, लिंबू, ठेचलेला लसूण आणि काळं तिखट, त्यात मूठभर ज्वारीचं पीठ. हे सगळं चिरांच्या आत बोटाने भरलं. मग वाटीतल्या शेंगतेलात बोट बुडवून माशावर फिरवलं, जाळीवरही फिरवलं. 180 अंश, मधे एकदा उलटायचं, तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवायचे नाहीत. पिठाने ओलावा धरला, तेलाने वरची खरपुडी केली. तव्यावरच्या माशाची बरोबरी होत नाही हे मी आईसमोरही म्हणेन, पण कढईभर तेल वाचतं आणि ओट्याजवळ उभं राहावं लागत नाही.

विजेचं म्हणाल तर 1500 वॉटचं यंत्र दहा मिनिटांत पाव युनिट खातं, ते काही जड नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मात्र दहाची पंधरा मिनिटं होतात.

‘दहा मिनिटांत जेवण’ या जाहिरातीचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. साल्मन सोललेला, कापलेला, पाकिटबंद येतो. चिलापीचे खवले परसात बसून कुणीतरी काढायचे, पाठीवरचा काटेरी पर बोटात घुसू न देता कापायचा, हाताला राख चोळायची. आमच्या घरी हे बायको करते, आणि तो वेळ यंत्राच्या घड्याळात दिसत नाही. हल्ली मी पाट धुऊन देतो. त्याला मदत म्हणायचं की नाही, ते तिलाच विचारा.

झटपट म्हणावं असं काही आपल्याकडे असेल तर ती सोलापूरची कडक भाकरी. डब्यात आठवडेच्या आठवडे टिकते. माशाबरोबर ती, शेंगाचटणी आणि कांदा घेतला की चूल पेटवायचं काम नाही.

यंत्राची मागची बाजू आम्ही परसाकडे करून ठेवली आहे, कारण वास पंख्याबरोबर तिथूनच बाहेर पडतो. भाचीने आता आईकडे काळं तिखट मागितलंय, साल्मनला लावायला. आईने डबा भरला आणि बजावून सांगितलं, आधी तेलात कालव, मग लाव. कोरडं भुरभुरवलंस तर 200 अंशांवर करपेल.