हरलेल्या मॅपचा हिशेब

ई-स्पोर्ट्सच्या सट्टाबाजारात ‘कोण जिंकणार?’ या प्रश्नाशेजारी आणखी एक प्रश्न मांडलेला असतो: लढत किती मॅप, म्हणजे किती डाव, चालणार? ‘बेस्ट ऑफ थ्री’ असेल तर बुकी रेष अडीचवर आखतो. दोन मॅपमध्ये निकाल लागला तर ‘अंडर’, तिसरा खेळावा लागला तर ‘ओव्हर’. विजेता कोण, याच्याशी हा पैसा लावणाऱ्याला देणेघेणे नसते. आपले, म्हणजे आयोजक, पंच आणि प्रशिक्षकांचे, सगळे लक्ष मात्र विजेत्यावरच असते.

आधी गणित पाहू. दोन्ही संघ तुल्यबळ असले तर तिसऱ्या मॅपची शक्यता ५० टक्के असते. एका संघाला प्रत्येक मॅप जिंकण्याची ६० टक्के संधी दिली तर ही शक्यता ४८ टक्के होते. ७० टक्के दिली तरी ४२च्या खाली जात नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये व्हेटोमुळे तर ती वाढते. सात मॅपमधून नको ते वगळून दोन्ही संघ एकेक मॅप निवडतात, उरलेला डिसायडर ठरतो. आपापल्या मॅपवर दोघांनाही ७० टक्के संधी धरली, तर लढत तिसऱ्या मॅपवर जाण्याची शक्यता ५८ टक्के निघते. थोडक्यात, २-१ हा इतका नेहमीचा निकाल आहे की तो कुणाच्याच डोळ्यात खुपत नाही.

मेख इथेच आहे. आधी गाजलेली प्रकरणे पाहा. २०१३मध्ये डोटा २चा रशियन खेळाडू ‘सोलो’ याने स्वतःच्याच संघाविरुद्ध पैसे लावून ३२२ डॉलर मिळवले. तो आकडा आजही त्या खेळात जाणूनबुजून हरण्याचे टोपणनाव आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील आयबायपॉवर हा बलाढ्य संघ नेटकोडगाइड्सकडून १६-४ असा हरला. तो मुद्दाम हरल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०१५मध्ये या खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने संबंधित खेळाडूंवर बंदी घातली. दोन्हीकडे सामना गमवावा लागला होता. लांबीवरच्या सट्ट्यात तेवढी किंमतही मोजावी लागत नाही. पहिला मॅप जिंकायचा, दुसरा ढिला सोडायचा, तिसरा जिंकून चषक उचलायचा. चाहते खूश, मालक खूश, आणि ‘ओव्हर’वाल्याचे पैसेही वसूल.

म्हणूनच एका हरलेल्या मॅपवरून कुणावर बोट ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. उपाय स्पर्धेच्या रचनेत शोधावा लागेल. साखळी फेरीत २-० आणि २-१ यांना वेगळे गुण द्या, किंवा बरोबरी मॅपच्या फरकावर सोडवा. कोरियाच्या एलसीके लीगमध्ये गेमच्या फरकाला असे महत्त्व मिळाले आहे. ढिला सोडलेला मॅप संघाला महागात पडला पाहिजे. प्रत्येक मॅपचे डेमो, म्हणजे खेळाची नोंद, जपून ठेवा. आघाडीवर असलेल्या संघाची दुसऱ्या मॅपवरची कामगिरी पूर्ण हंगामभर तपासा. पंचाच्या अहवालात विजेत्याने गमावलेल्या मॅपसाठी वेगळा रकाना असू द्या. बीजीएमआयसारख्या बॅटल रॉयलमध्ये सामन्यांची संख्या बहुधा आधीच ठरलेली असते, त्यामुळे हा धोका तिथे सहसा उद्भवत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा भरवणाऱ्याला तो टाळता येणार नाही.

केंद्राच्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यांच्या जाहिरातीलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. जर्सीवर परदेशी सट्टा कंपनीचा लोगो घेणाऱ्या संघांनी आणि थेट प्रक्षेपणात भाव वाचून दाखवणाऱ्या समालोचकांनी हे कलम नीट वाचावे. खेळ म्हणून मिळालेली ही ओळख टिकवायची असेल, तर पुढच्या हंगामाची नियमावली लिहितानाच प्रत्येक मॅपला स्वतःचे मोल द्यावे लागेल.