डोळ्यांतल्या पाण्याची गोष्ट

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. चुका फक्त मुलांच्याच होतात असं नाही, गुरुजींच्याही होतात. फरक इतकाच की तुमच्या चुकांखाली लाल शाईची रेघ येते आणि आमच्या चुकांखाली रेघ ओढायला कोणी नसतं. म्हणून ही रेघ मीच ओढतो आहे.

माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. एका सोमवारी गुणाकाराची उजळणी चालली होती. शेवटच्या रांगेतला एक मुलगा (त्याचं नाव सांगत नाही, त्यालाही ते आवडणार नाही) वहीत तोंड खुपसून बसला होता. जवळ गेलो तर पानावर पाण्याचे डाग आणि त्यात शाई पसरलेली. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अरे, एवढा मोठा घोडा झालास आणि पोरीगत काय रडतोस?"

सगळा वर्ग खो खो हसला. मुलानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि ताठ बसला. मला वाटलं, चला, रडू थांबलं! मी पुन्हा फळ्याकडे वळलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिनं अगदी सरळ विचारलं, "गुरुजी, पोरीगत रडणं म्हणजे कसं? आम्ही येगळं रडतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. "बस खाली," एवढंच म्हणालो. उत्तर नसलं की आम्ही मोठी माणसं असंच म्हणतो!

मधल्या सुट्टीत त्या मुलाला बाजूला घेतलं. आधी तो काही बोलेना. मग म्हणाला, "गुरुजी, आमचा सर्ज्या इकला." सर्ज्या म्हणजे त्यांचा बैल. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, वैरण महागली होती. वडिलांनी रविवारी बैलबाजारात नेऊन तो विकला. सकाळी हा सवयीनं गोठ्यात गेला, तर दाव्याला बैल नाही. बेंदराला त्याच्या शिंगांना रंग कोण लावायचं, तर हा. ओढ्यावर पाणी पाजायला कोण न्यायचं, तर हा. आता सांगा मुलांनो, हे रडू पोरीचं, की पोराचं? ते ज्याचं माणूस, ज्याचं जनावर दूर जातं, त्याचं रडू होतं.

खरी गंमत तर पुढेच आहे. मी स्वतः सातवीत असताना माझे आजोबा गेले. मला रडू आवरेना. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "पुरुषानं रडायचं नसतं." मी रडू गिळलं आणि संध्याकाळी कडब्याच्या गंजीमागे जाऊन एकटाच रडलो. ते वाक्य मला तेव्हा किती लागलं होतं! आणि इतक्या वर्षांनी तेच वाक्य मी दुसऱ्या मुलाच्या पाठीवर मारलं.

त्या रात्री मी जरा पुस्तकं चाळली. म्हटलं पाहू तरी, आपल्या गोष्टींतले मोठे मोठे वीर खरंच रडत नव्हते का?

पहिला सापडला अर्जुन. गांडीव धनुष्य पेलणारा हा योद्धा कुरुक्षेत्रावर उभा राहिला, तेव्हा समोर आपलेच आजोबा, आपलेच गुरू आणि भाऊ पाहून त्याचे डोळे भरून आले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवातच त्या भरलेल्या डोळ्यांनी होते. श्रीकृष्णानं त्याला लढायला सांगितलं हे खरं. पण भित्रा म्हणून अर्जुनाला आजवर कोणी ओळखलेलं नाही.

मग राम. भवभूती हा संस्कृतातला मोठा नाटककार आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकातला राम सीतेच्या आठवणीनं इतका रडतो की त्याला भोवळ येते. आणि रामायण लिहिणाऱ्या वाल्मीकींची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. तमसा नदीच्या काठी क्रौंच पक्ष्यांची जोडी आनंदात होती. एका व्याधानं त्यातला नर बाणानं मारला. मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकींचं मन कळवळलं, आणि त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते श्लोक होऊनच पडले. शोकातून श्लोक जन्मला असं म्हणतात ते यामुळेच. म्हणजे बघा, एका पाखराच्या दुःखानं एवढं मोठं काव्य सुरू झालं!

आता आपण जरा समुद्रापार जाऊ. ग्रीक कवी होमर याचं 'ओडिसी' नावाचं फार जुनं महाकाव्य आहे. त्याचा नायक ओडिसियस हा शूर आणि हुशार राजा. ट्रॉयच्या लढाईला म्हणून गेला तो परत यायला त्याला वीस वर्षं लागली. घरात शत्रू ठाण मांडून बसलेले, म्हणून तो भिकाऱ्याच्या वेषात आला. एकाही माणसानं त्याला ओळखलं नाही. पण दाराशी उकिरड्यावर एक म्हातारा कुत्रा पडला होता. त्याचं नाव आर्गोस. राजानं त्याला लहानपणी वाढवलं होतं. त्यानं धन्याला ओळखलं. उठायची ताकद नव्हती, तरी शेपूट हलवली, कान पाडले. ओडिसियसला त्याच्याजवळ जाता येईना, कारण जवळ गेला तर सोंग उघडं पडणार. सोबतच्या माणसाला दिसू नये असा त्यानं तोंड फिरवून डोळ्यातला थेंब पुसला. आर्गोसनं मात्र धनी आलेला पाहिला आणि प्राण सोडला.

ही गोष्ट वाचली आणि मला वहीवरचे ते डाग आठवले. वीस वर्षांनी घरी परतलेला राजा कुत्र्यासाठी रडतो, तर चौथीतल्या मुलानं बैलासाठी रडू नये?

दुसऱ्या दिवशी गोष्टीच्या तासाला मी 'श्यामची आई' घेऊन गेलो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत, कारण श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. त्यातल्या एका रात्रीचं नावच 'थोर अश्रू' आहे. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट करतो. आई आपलं ओलं लुगडं दगडावर पसरते आणि त्याला त्यावर पाय ठेवायला देते. वर सांगते की पायाला जसं जपतोस तसंच मनालाही जप. शरीर धुवायला पाणी, तसं मन धुवायला डोळ्यांतलं पाणी, असा साने गुरुजींचा विचार.

पण मी त्या दिवशी वाचायला घेतली ती 'मोरी गाय'. मोरी श्यामच्या घरची लाडकी गाय. ती दगावते, तो भाग आला आणि माझाच घसा दाटला. शब्द फुटेना. वर्ग एकदम चिडीचूप. कोणीतरी हसेल असं मला वाटलं, पण कोणी हसलं नाही. शेवटच्या रांगेतला आपला दोस्त उठला, माठातून पेलाभर पाणी आणलं आणि टेबलावर ठेवून गेला. पाणी प्यायलो आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "काल मी तुला हसलो, ते चुकलं माझं." पहिल्या रांगेतल्या मुलीकडे वळून म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं गं. रडणं पोरींचं वेगळं नसतं, पोरांचंही वेगळं नसतं." ती नुसती मान हलवून बसली. तिला ते आधीपासूनच माहीत होतं!

मग काय, प्रश्नांचा पाऊसच पडला. रडताना नाक का वाहतं? कांदा चिरताना आई का रडते? अश्रू खारट का? चला, एकेकाचं पाहू.

आपल्या प्रत्येक डोळ्याच्या वरच्या पापणीच्या आत, कानाकडच्या बाजूला, बदामाएवढी एक अश्रुग्रंथी असते. तिथं हे पाणी तयार होतं. त्यात मीठ असतं, म्हणून ते खारट. अश्रू तीन तऱ्हेचे. पहिले रोजचे. ते सतत थोडे थोडे पाझरतात आणि आपण पापण्या मिटतो-उघडतो तेव्हा डोळ्यावर सारवल्यासारखे पसरतात. ते नसते तर डोळा कोरडा पडला असता. दुसरे बचावाचे. धूळ, धूर, कचरा गेला की डोळा धुऊन काढायला ते धावतात. कांद्याचे अश्रू याच जातीचे. कांदा चिरला की त्यातून एक झोंबणारा वायू तयार होऊन डोळ्यापर्यंत येतो आणि डोळा पाणी सोडतो. आईला कांदा चिरायचा असेल तेव्हा तो आधी थोडा गार करून पाहा, वायू कमी सुटतो. आणि तिसरे मनाचे अश्रू. हे दुःखानं येतात, आनंदानं येतात, कधी नुसती जुनी आठवण आली तरी येतात.

आता आरसा घ्या. खालच्या पापणीच्या नाकाकडच्या टोकाला काठ अलगद खाली ओढून नीट पाहा. (हात धुऊन बरं का!) टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसेल. तसंच वरच्या पापणीलाही असतं. ही अश्रूंची मोरी! तिथून पाणी एका नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून रडलं की नाक वाहतं. पाणी फार झालं आणि मोरीत मावेना, की गालांवर ओघळतं.

एक गंमत सांगतो. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग तुम्हाला माहीत आहेत. त्याआधी, १९२२ साली, त्यांनी अश्रूंमधल्या एका जंतुनाशक द्रव्याची माहिती जगाला दिली. त्याचं नाव लायसोझाइम. प्रयोगाला खूप अश्रू लागायचे, म्हणून लिंबू पिळून लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढायचे! (घरी असं मुळीच करायचं नाही.) म्हणजे आपल्या डोळ्यांतला प्रत्येक थेंब पहारेकरीसुद्धा आहे. आणि अगदी नवं बाळ पाहिलंत का? ते टाहो फोडतं, पण पहिले काही आठवडे त्याच्या गालावर आसवं ओघळत नाहीत. ती नंतर येऊ लागतात.

त्या मुलानं शेवटी हळूच विचारलं, "गुरुजी, सर्ज्याच्या डोळ्यातनं बी पाणी येत हुतं. तो रडत हुता?" मी त्याला खरं ते सांगितलं. जनावरांच्या डोळ्यांतलं पाणी डोळा ओला नि स्वच्छ राहावा म्हणून असतं. मनातल्या दुःखानं आसवं गाळणारा प्राणी म्हणून शास्त्रज्ञ माणसालाच ओळखतात. मगर खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण ते काही भक्ष्याच्या दुःखानं नव्हे. खोट्या रडण्याला आपण 'नक्राश्रू' म्हणतो ते त्यावरूनच. पण जनावरांना माया नसते असं मात्र नाही. वासरासाठी गाय हंबरते ती काय उगाच? आणि आर्गोस तर डोळ्यातून टिपूसही न काढता धन्यासाठी वीस वर्षं थांबला होता.

आता थोडं आई-बाबांसाठी. प्रत्येक रडण्यापुढे मान तुकवा, असं मी म्हणत नाही. खेळण्यासाठी दुकानासमोर भोकाड पसरलं तर 'नाही' म्हणजे नाहीच. पण हट्टाचं रडू आणि दुःखाचं रडू यांतला फरक आपण ओळखायला हवा. दुःखाचं रडू असेल तर "गप्प बस, बागुलबुवा येईल" किंवा "मुलगा असून रडतोस?" असं म्हणू नका. जवळ बसा. कोणी जवळ असलं की रडून मन हलकं होतं. मग विचारा, "काय झालं रे?" आणि मूल पुष्कळ दिवस सारखं रडत असेल, जेवत-खेळत नसेल, तर शाळेत सांगा, डॉक्टरांना दाखवा. उलट, जे मूल अचानक रडायचंच बंद झालंय, त्याच्याकडेही लक्ष असू द्या. त्या सोमवारी मला वाटलं होतं की रडू थांबलं. ते थांबलं नव्हतं, फक्त आत गेलं होतं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उपक्रम. आपल्या मराठीत रडण्याला किती शब्द आहेत पाहा : मुसमुसणं, स्फुंदणं, मुळुमुळु रडणं, हमसून हमसून रडणं, ओक्साबोक्शी रडणं, टिपं गाळणं, हंबरडा फोडणं, धाय मोकलून रडणं, डोळे पाणावणं, गहिवरणं. यातलं प्रत्येक रडणं निराळं आहे. आजीला विचारून आणखी पाच शब्द मिळवा, आणि कोणता शब्द केव्हा वापरायचा ते वहीत लिहा. आमच्या वर्गानं सत्तावीस जमवले आहेत. त्यातले चार शब्द शेवटच्या रांगेतल्या आपल्या दोस्तानं आणलेत, त्याच्या आजीकडून.

वर्गात कोणी रडताना दिसलं तर हसू नका. पेलाभर पाणी नेऊन द्या. मी हे तुमच्यासारख्याच एका मुलाकडून शिकलो.

तुमचेच,
गुरुजी